पालथा तळहात

धृती या शब्दाच्या मुळाशी ‘धरून ठेवणे’ आहे. आपण तिचा संबंध संकटांशी जोडतो. परंतु समोरच्याचा शब्द पूर्ण होईपर्यंत आपला शब्द ओठांआड धरून ठेवणे, हे मला तिचे सर्वांत दुर्मिळ रूप वाटते. ते मी आमच्या शेजारच्या जानकीबाई तोरसकरांच्या ठायी पाहिले.

कांदिवलीच्या एका प्राथमिक शाळेत त्या तिसरीला शिकवीत. मूळ घर मालवणकडचे. वडील गुणाजी गिरणीत कामाला होते, भोंग्याच्या तालावर जगलेले. वाचताना मूल अडखळले, की बाई शब्द पुरवीत नसत. टेबलावर तळहात पालथा ठेवून थांबत. शब्द उमटला, की हात उताणा होई. तोवर वर्गात कोणी कुजबुजायचे नाही, हा दंडक.

गंधाली त्याच वर्गातली, आठ वर्षांची, बोलताना अडखळणारी. त्या वर्षी सर्व शाळांसाठी एकच वाचनचाचणी आली. उतारा साठ शब्दांचा, वेळ एक मिनिट. पंधराहून कमी शब्द वाचणाऱ्या मुलांची पुढचे वर्षभर तळमजल्यावर वेगळी तुकडी होणार होती. त्या तुकडीला मुलांनी आधीच ‘ढ वर्ग’ म्हणून टाकले होते.

राजेश नावाचे तरुण परीक्षक आले. गंधालीचे अकरा शब्द झाले आणि त्यांच्या मोबाइलवर लावलेला मिनिटाचा गजर वाजला.

“झालं. पुढच्याला पाठवा.”

“तिचं वाक्य कुठं झालंय अजून?” बाईंचा तळहात टेबलावर पालथाच होता.

“बाई, मिनिट संपलं. हिच्यासाठी थांबलो तर सगळ्यांसाठी थांबावं लागेल.”

“मग थांबा ना. गाडी चुकतेय का तुमची?”

गंधालीने उतारा संपवला. साडेचार मिनिटे लागली. एकही शब्द चुकला नाही. राजेशनी अकराच लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी ‘संपूर्ण उतारा अचूक वाचला’ असे नोंदवले. परंतु शेऱ्याला गुण नव्हते. जूनमध्ये गंधालीचे नाव तळमजल्याच्या यादीत आले.

त्याच दिवशी बाईंनी ती तुकडी स्वतःसाठी मागून घेतली. मुख्याध्यापिका लताबाई त्यांच्या जुन्या मैत्रीण.

“जानकी, डोकं फिरलंय का गं? खाली नवख्यांना टाकतात. तुझा वर्ग दरवर्षी पहिला येतो.”

“वर सगळ्यांना घाई असते. खाली थांबायला मिळेल.”

“चाचणी खालीही येणार आहे, बाई माझे.”

“येऊ दे. वर्षानं येईल ना?”

वर्षभर गंधाली रोज एक पान मोठ्याने वाची आणि उरलेली सोळा मुले थांबत. पुढच्या चाचणीला राजेशच आले. मोबाइल वाजला तेव्हा सतरा शब्द झाले होते. गंधाली थांबली नाही, वाचतच राहिली. राजेशनी एकवार बाईंच्या हाताकडे पाहिले, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि उतारा संपेपर्यंत ऐकत बसले.

गंधाली वरच्या वर्गात गेली. ती अजूनही अडखळते. बाई मात्र निवृत्तीपर्यंत खालीच राहिल्या. गेल्या माघात त्या गेल्या.

आता ती तुकडी श्वेताबाई घेतात. चाचणी अजून एका मिनिटाचीच आहे. एरवी त्या खोलीत एखादे मूल वाचताना अडखळले, की बाकीची मुले बाकांवर तळहात पालथे ठेवतात.