हॅलिफॅक्स: एक नाच मी मध्येच थांबवला

हॅलिफॅक्सला जायचं मीच ठरवलं. २०१७च्या मार्चमध्ये सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, आई नागपूरला वारली. बर्फाच्या वादळात आमचं विमान रद्द झालं आणि अंत्यविधी तिने इथे कॅनडात, वॉटर्लूच्या घरी बेसमेंटमध्ये बसून मोबाइलवर पाहिला. त्यानंतर ती एकदाही रडली नाही. भाजी चिरायची, ग्रोसरी आणायची, विचारलं तर "मी बरी आहे" म्हणायची. निवृत्त इंजिनिअरला प्रत्येक बिघाडावर उपाय सापडतो असं वाटतं. मी म्हटलं, समुद्र दाखवू, मोकळी होईल. ऑक्टोबरची तिकिटं काढली.

जाणार असाल तर ऐका. टोरंटोहून विमानाने दोन तास. विमानतळावरून शहरात साधी सिटी बस जाते, टॅक्सीच्या नादी लागू नका. बंदरातली फेरी बसच्याच तिकिटात होते. आम्ही तीनदा गेलो-आलो. सुनंदा रेलिंग धरून उभी राहायची, मी "बघ, नेव्हीची बोट" असं दाखवत राहायचो आणि ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन तासाभरावरचं दीपगृह बघायला गेलो. धुकं इतकं की पायथ्याशी उभं राहूनही दीपगृह दिसेना. तिथलं माशाचं सूप मात्र झकास, एक वाडगा दोघांना पुरतो.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, पावसाने सगळे बेत बुडवले. हॉटेलच्या लॉबीत एक पत्रक पडलं होतं. दुपारी तीनला जुन्या चर्चमध्ये जावा बेटावरच्या सुंदा लोकांचं सुगीचं संगीत, सोबत मॉन्ट्रियलची एक इलेक्ट्रॉनिक कलाकार. "अहो, जाऊ या का?" सुनंदाने विचारलं. तिने आपणहून काही मागितलं ते कित्येक महिन्यांनी.

चर्चमधली बाकं बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या. दोन म्हातारे वादक. एकाकडे गजाने वाजवायचं दोन तारांचं तारावांग्सा, दुसऱ्यापुढे आडवं ठेवून छेडायचं सात तारांचं वाद्य. समोर तांदूळ, केळी आणि धूप. फायर अलार्मच्या भीतीने धूप पेटवला नव्हता. शेजारच्या टेबलावर वायरींचा गुंता आणि त्यामागे मॉन्ट्रियलची मुलगी. त्यांच्या दुभाषी बाईंनी इंग्रजीत समजावलं, की हे तांदळाच्या देवीसाठी वाजतं. ज्याला आतून वाटेल त्याने पुढे ठेवलेला शेला घेऊन नाचावं, नाचणाऱ्याला कोणी हात लावू नये, आणि तो स्वतःहून थांबेपर्यंत वादकही थांबत नाहीत. मी सुनंदाच्या कानात म्हटलं, "म्हणजे आपल्याकडचं अंगात येणंच की!" ती हसली नाही.

खरं सांगतो, सुरुवातीला कंटाळा आला. तेच ते चार सूर. मग त्या मुलीने त्यातलाच एक सूर पकडून यंत्रातून परत सोडला, खाली खोल घरघर लावली आणि म्हाताऱ्याचा गज त्या घरघरीवर चालू लागला. पायाखालची फरशी थरथरत होती. वीसेक मिनिटांनी शेजारी बघतो तर सुनंदा नाही. ती पुढे होती. खांद्यावर शेला, डोळे मिटलेले. आधी नुसते हात हलले, मग ती डुलू लागली, अंबाडा सुटला आणि घशातून आवाज आला. "आई गं." पुन्हा, मोठ्याने, "आई गं!"

सात महिने मी ज्याची वाट बघत होतो ते हेच. आणि मला काय दिसलं? पलीकडे बसलेलं एक तरुण मराठी जोडपं. कॅनडात नव्यानेच आलेले, आत येताना ओळख झाली होती. त्यातल्या नवऱ्याने फोन वर धरला होता. "अगं, काकूंच्या अंगात आलं बघ!" मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. अंधश्रद्धेवर गणपतीत भाषण ठोकलेला माणूस. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरताना माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी उठलो आणि तिचं मनगट धरलं.

"सुनंदा, पुरे आता. लोक बघतायत."

तिने डोळे उघडले. आवाज तिथेच बंद झाला. शेल्याची नीट घडी घालून तिने तो जागेवर ठेवला आणि परत येऊन बसली. वादक मात्र थांबले नाहीत. गजवाला म्हातारा त्या रिकाम्या जागेकडे बघत कितीतरी वेळ वाजवत राहिला. मुलीनेही घरघर सोडली नाही.

कार्यक्रमानंतर म्हातारा दुभाषी बाईंना घेऊन आमच्याकडे आला. त्या म्हणाल्या, "आर यू फिनिश्ड, मॅडम? ही सेज दे कॅन प्ले अगेन."

"नो, थँक यू," सुनंदा म्हणाली. "इट्स गॉन."

म्हाताऱ्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर महिनाभर मी रोज मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप तपासत होतो. व्हिडिओ आलाच नाही. त्या पोराने तो कुठेही टाकला नाही. मी उगाचच घाबरलो होतो, आणि हे मला स्वतःला माफ करता येत नाही.

हॅलिफॅक्स चांगलं आहे, जरूर जा. आमच्या हाती काय लागलं ते मात्र विचारू नका. डिसेंबरात एका दुपारी मी लिव्हिंग रूममधलं टेबल सरकवलं, चर्चमध्ये घेतलेली त्यांची सीडी लावली, सुनंदाची शाल मधोमध ठेवली आणि कोपऱ्यात बसून राहिलो. ती स्वयंपाकघरातून आली. शाल उचलली, सीडी बंद केली. चिडली नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

"त्या लोकांना माझी आई कोण तेसुद्धा माहीत नव्हतं, तरी ते वाजवत राहिले," ती म्हणाली. "तुम्ही तर तिला चाळीस वर्षं आई म्हणत होतात."