ओलिंतोची डांगरी

इटलीतल्या आमच्या एमिलिया प्रांतातल्या या गावात माणूस कुणाचा कोण, हे कुणी विचारत नाही. कारखान्यात कुठल्या खात्यात होता, ते विचारतात. माझा शेजारी ओलिंतो पांढऱ्या खात्यातला. आगगाडीच्या डब्याच्या दुहेरी पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस फवारायचं, म्हणजे आत थंडी वाजत नाही आणि आग पसरत नाही. संध्याकाळी तो घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. बायको, एर्सिलिया, त्याला दारातच थोपवायची.

"थांब तिथेच, भुता! आधी कपडे काढ."

मग त्याची कामावरची निळी डांगरी गॅलरीत नेऊन फाडफाड झटकायची. शनिवारी अंगणातल्या हौदावर आम्हा बायकांची चढाओढ चाले, कुणाच्या नवऱ्याची डांगरी जास्त स्वच्छ निघते याची. एर्सिलिया दर वेळी जिंकायची, आणि वर मलाच टोमणा.

"आर्जा, तुझा नवरा डांगरी घालतो की तिने फरशी पुसतो गं?"

माझा नवरा रंगखात्यात होता. तो रंग कसला निघतोय! पण मी जळफळायची, हे खरं.

मालागोली म्हाताऱ्याने हा कारखाना काढला तेव्हा तो घोडागाड्यांची चाकं करायचा. पुढे ट्रामचे डबे आले, मग आगगाडीचे. युद्धात बॉम्बने छप्पर उडालं, तेव्हा आमचे बाप उघड्यावर उभे राहून मोडके डबे जोडत होते. नातवांना झेपेना म्हणून सरकारने घेतला, सरकारलाही झेपेना म्हणून परदेशी कंपनीने. फाटकावरची पाटी बदलत गेली, माणसं तीच राहिली. नवे मालक नाताळात पेन्शनरांना गोड पाव पाठवतात, रिबीन बांधून.

गेल्या हिवाळ्यात एर्सिलियाला जिना चढवेना. मीच तिला इस्पितळात घेऊन गेले. छातीचा फोटो पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कारखान्यात कुठल्या खात्यात होता तुम्ही?"

"मी? मी फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नाही."

"मग घरात डांगरी कोण धुवायचं?"

एर्सिलियाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. औषध नाही, म्हणाल्या बाई.

परतताना बसमध्ये तिने माझं मनगट धरलं. "ओलिंतोला यातलं काही कळता कामा नये. लाकडाच्या शेगडीचा धूर बाधला, म्हणायचं. शपथ घे."

"आणि ज्यांनी हे केलं त्यांना मोकळं सोडायचं?"

"कुणाला धरतेस? म्हातारा मेला, नातू मेले, सरकारने विकून टाकलं." तिला हसता हसता खोकला आला. "तो गोड पाव तेवढा परत पाठव."

माझा संताप संताप झाला. पण संतापून बोंब मारायची कुणाच्या दारात? मी शपथ घेतली आणि घरी येऊन भांडी आपटत बसले.

आता ती अंथरुणातच असते. दोन वाक्यांमध्येही तिला थांबावं लागतं. काल मी खाली उतरले तर ओलिंतो हौदावर तिचा झोपायचा गाऊन हाताने धूत होता. हौद वापरायचा कधीचाच बंद झालाय, घरोघरी मशीन आहेत.

"मशीन बिघडलं का रे?"

"नाही."

तो खळबळत राहिला. मला राहवेना. म्हटलं, "शेगडीचा धूर फार वाईट बघ…"

"आर्जा, तुला खोटं बोलता येत नाही. माझ्या खात्यातल्या सगळ्यांना मीच खांदा दिलाय. काहींच्या बायकांनाही. मला कळणार नाही होय?"

"मग सांग ना तिला, तुला माहितीये म्हणून! किती दिवस एकटीने मनात ठेवील ती?"

ओलिंतोने गाऊन पिळला. झटकायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

"सांगितलं तर ती माझी समजूत काढत बसेल गं. तेवढा श्वास कुठे उरलाय तिच्यात?"