ताई म्हणवून घेणारी

"हिची आई माझ्याच सोसायटीत संडास धुते," मॅडम माइकवर म्हणाल्या. "आणि ही शाळेत सांगते, आई ऑफिसात आहे."

लोक हसले. लहान पोराच्या खोडीला हसतात तसे, कौतुकानं.

प्रज्ञा मॅडमच्या शेजारी स्टेजवर उभी होती. पंधरा वर्षांची, दहावीतली. मॅडमचा हात तिच्या खांद्यावर. पुढच्या रांगेत तिची आई सुनंदा, ठेवणीतली साडी नेसून. पोरगी आपल्याबद्दल शाळेत काय सांगते, हे तिला तिथं कळलं. भरल्या हॉलमध्ये. मागच्या खुर्च्यांवर प्रज्ञाच्या वर्गातल्या मुली बसलेल्या.

"आता हा न्यूनगंड आपण काढलाय," मॅडम म्हणाल्या. टाळ्या वाजल्या.

मी सुनंदाच्या शेजारी होते. ती रडली नाही. आपल्या हातांकडे बघत राहिली.

त्या दोघींना तिथं मी आणलं होतं.

अंबरनाथला आमच्या वस्तीत एक संस्था आली होती. नोकरीवाल्या, शिकलेल्या बायका आमच्या पोरींना वर्षभर मार्गदर्शन करणार. दर रविवारी भेटायचं, अभ्यास घ्यायचा, पुढं काय शिकायचं ते सांगायचं. पोरी गोळा करायला त्यांना वस्तीतलं माणूस हवं होतं. मला सगळे ओळखतात. मी हो म्हटलं, घरोघर फिरले. आया म्हणायच्या, "रविवारी पोरगी गेली तर पाणी कोण भरणार, तुम्ही?" मी भांडायचे. भांडून आठ पोरी मिळवल्या.

संस्थेच्या बाईनं सांगितलं, मॅडम म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. मला ते फार आवडलं. तिथंच मी फसले. आमच्याकडे ताई म्हणजे घरातली. ताईला सांगितलेलं कधी कधी आईलाही कळत नाही. प्रज्ञाची ताई म्हणजे याच मॅडम, आनंदनगरच्या एका कारखान्यात मोठी अधिकारी, राहायला बदलापूरला. प्रज्ञा तिच्यासमोर गप्प बसायची. ताईनं माझ्याकडे तक्रार केली, "आजी, ही ओपनच होत नाही हो." मी पोरीला ओरडले, "ताई आहे ना तुझी? मग सांग की मनातलं. कुठं बाहेर जाणारे?"

तिनं सांगितलं. ते आता संस्थेच्या कार्यक्रमात माइकवरून येत होतं.

मी उठले. "मॅडम, माइक बंद करा."

"आजी, बसा ना. कार्यक्रम चालू आहे."

"पोरीला विचारलं होतं का?"

"अहो, मी नाव कुठे घेतलं? कौतुकच करतेय तिचं."

"नाव कशाला पाहिजे? खांदा धरून उभ्या आहात तिचा. एवढं कौतुक आहे तर तुमच्या घरातलं सांगा. तुमची पोरगी तुमच्याबद्दल काय लपवते ते सांगा माइकवर."

मागून कुणीतरी बोललं, "म्हणूनच यांच्यासाठी काही करू नये."

यांच्यासाठी. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय. बोलणारे बदलतात.

संस्थेची बाई धावत आली. हळू आवाजात म्हणाली, "आजी, पोरींचा चान्स घालवताय तुम्ही."

मी स्टेजवर चढले. प्रज्ञाचा हात धरला. "चला गं सगळ्या," म्हटलं. दोघी उठल्या. पाच जणी बसून राहिल्या. त्यांच्या आया माझ्याकडे बघेनात. एक फक्त बोलली, "आजी, आम्हाला पोरगी शिकवायचीय." तिचं चूक नव्हतं.

रिक्षात प्रज्ञानं आईकडे एकदाही पाहिलं नाही. सुनंदा बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही सांग म्हणालात, म्हणून सांगितलं तिनं."

मॅडमनं दगा दिला. पण पोरीला बोलायला लावलं मी.

महिनाभर मी घरात बसले. मग पुन्हा बाहेर पडले. पोरींना विचारायला कुणीतरी लागतंच. फॉर्म कसा भरायचा, कुठलं कॉलेज, आयांना कळत नाही. मला तर नाहीच. आता मी पोरी गोळा करत नाही, मार्गदर्शक शोधते. आमच्यातल्या शिकून फ्लॅटात गेलेल्या बायकांची दारं वाजवली. एक दार अर्धंच उघडून म्हणाली, "आजी, इथं मी कुठली ते कुणाला माहीत नाही. तसंच राहू द्या." तिच्याकडून चहा न घेता परत आले.

दोघी मिळाल्या. एक उल्हासनगरच्या दवाखान्यात नर्स आहे. दुसरी फ्लॅटातली नाही, उल्हासनगरातच कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात कापड कापते. दहावी नापास, पण मापाचं गणित तिनं शिकवावं.

माझी अट एकच. आधी पोरीच्या घरी यायचं, खाली बसायचं आणि तिच्या आईसमोर स्वतःचं सांगायचं. जे सांगायला लाज वाटते तेच. मग पोरगी बोलली तर बोलली. नाही बोलली तरी अभ्यास घ्यायचाच. फोटो नाही, भाषण नाही. कितीही मोठं माणूस येऊ दे, अट हीच. पटत नसेल त्यानं वस्तीत पाय ठेवू नये.

मॅडमनी निरोप पाठवला, झालं गेलं विसरून जाऊ. मी उलट निरोप धाडला, विसरणार नाही. पुढच्या पोरींना सांगणार.

प्रज्ञा कुणाकडेच येत नाही. मी दिसले की रस्ता बदलते. हे भोगलं तिनं आणि तिच्या आईनं. त्यांना तिथं नेणारी मी, अंबरनाथची, चौथी शिकलेली बाई.