अंजनाबाईची चूळ

अंजनाबाई खोलीतून बाहेर आली की व्हरांड्यातल्या नळाशी थांबायची. आधी हात धुवायची, साबण लावून, पार कोपरापर्यंत. ते तर सगळ्याच सेविका धुतात, नाही धुतले तर सिस्टर रागावतात. पण अंजनाबाई त्यानंतर ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, गालात घोळवायची आणि बाजूच्या जास्वंदीच्या बुडाशी टाकून द्यायची. एक खोली झाली, चूळ. दुसरी झाली, चूळ. दिवसभर हेच. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई तंबाखूचा खर्रा खाते की काय. मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलंच, "काय वं, दात दुखून राह्यले काय तुहे?"

"नाही जी काकू," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "हात धुतले का रोग जाते, अन् चूळ भरली का गोष्ट जाते. आतलं आत राह्यलं पाह्यजे."

मी हसले. म्हटलं, आली एक येडी.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घाटंजीच्या रस्त्यावर आमची संस्था आहे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी. तीसेक खाटा. मी तिथली स्वयंपाकीण. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचन तिथल्याच आजोबा लोकांच्या शिळ्या पेपरावर झालं. म्हणून मी लिहिते तेही बोलल्यासारखंच येतं, सांभाळून घ्या. आमचे घरचे मालक वारल्यावर मला जागा नव्हती. स्वयंपाकघराच्या मागची खोली संस्थेनं दिली, तेच माझं घर. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडेल.

अंजनाबाई चाळिशीची, उंच, हाताच्या बोटांना कापूस वेचून वेचून पडलेले चरे. शेतीतून निघून तिनं रुग्णसेवेचा कोर्स केला आणि आमच्याकडे लागली. म्हाताऱ्या माणसाला हात लावण्याआधी ती विचारायची. हो, विचारायची! "आजी, डाव्या कुशीवर घेऊ काय?" आजीला वर्षभर बोलता येत नव्हतं. तरी ही थांबायची, आजीच्या डोळ्यांत पाहायची, मग म्हणायची, "हो म्हनलं त्यायनं. आता घेतो." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात, बरं का.

भांडण लागलं ते सकाळच्या ड्युटी बदलावरून. आमच्याकडे रीत अशी, की सकाळी जाणाऱ्या सेविकेनं येणारीला सगळं व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगायचं. तिथेच म्हातारी मंडळी चहाला बसलेली. आमची पुष्पा खणखणीत आवाजाची. "तीन नंबरनं दोन डाव अंथरूण ओलं केलं! पाच नंबर जेवली नाही, लेकाचा फोन नाही आला म्हणून रडून राह्यली!" तीन नंबरचे आजोबा कपात बघत बसायचे. कोणाला वाईट वाटत असेल हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं.

अंजनाबाईनं पुष्पाचा हात धरला आणि तिला कपडे ठेवायच्या खोलीत नेलं. "इथं सांग. हळू सांग. अन् नंबरानं नको, नावानं सांग."

"लय शहाणी आली!" पुष्पा बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "कोर्स केला तं डॉक्टरीन झाली काय?"

"पुष्पा, तुह्या सासूचं असं कोनी चौकात वाचून दाखोलं तं?"

"दाखवू दे! माही सासू त्याच लायकीची हाय."

सगळा व्हरांडा हसला, अंजनाबाईसुद्धा. पण तेव्हापासून सेविकांमध्ये दोन पक्ष पडले. एका पक्षात पुष्पा आणि चौघी, दुसऱ्यात एकटी अंजनाबाई. जड माणूस उचलायला दोघी लागतात. हिनं हाक मारली की त्या पाचही जणींना नेमकं काम निघायचं. ही चादर अंगाखाली सरकवून एकटीच उचलायची, आणि दुपारी माझ्याकडे येऊन कमरेला गरम पाण्याची पिशवी लावायची. तक्रार मात्र कधी कोणाची केली नाही. मी कोणत्याच पक्षात नव्हते. म्हणजे खरं सांगायचं तर दोन्हीकडे होते. चहा सगळ्यांनाच लागतो, आणि चहासोबत सगळ्यांच्या गोष्टी माझ्या चुलीपाशी यायच्या.

तिथे एक गुरुजी होते. नाव सांगत नाही. अर्ध्या तालुक्याला त्यांनी गणित शिकवलेलं. धोतर कडक, बोलणं त्याहून कडक. पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर लघवीवरचा ताबा गेला. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्यांनी अंजनाबाईला सांगितलं, "हे बाहेर जाता कामा नये."

ती म्हणाली, "गुरुजी, डॉक्टरले अन् सिस्टरले सांगा लागते. नाही सांगतलं तं औषध कसं भेटन? त्याच्या पलीकडं नाही जाऊ देत."

गुरुजींनी विचार केला आणि पेपर तपासल्यासारखं म्हणाले, "बरोबर आहे."

मला कसं कळलं? स्वयंपाकघरात चिठ्ठी आली, गुरुजींना सायंकाळनंतर चहा देऊ नका म्हणून. वाळत घातलेल्या चादरी मला दिसतच होत्या. मी काही बावळट नाही. पण शहाणीही नव्हते.

बाजाराच्या दिवशी मी भाजीला घाटंजीला गेले. वांगी निवडत होते, तर गुरुजींचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. "काकू, आमचे गुरुजी कसे हायेत जी?" आता आमच्याकडे बाजार म्हणजे नुसती भाजी नव्हे. माणसाची खुशाली तिथेच विचारायची, तिथेच सांगायची. सांगितली नाही तर बाई माजली म्हणतात. मी वांगं हातात धरून म्हटलं, "काय सांगू बाप्पा! वाघासारखा मानूस, अन् आता डायपर बांधा लागते त्यायले." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. दोघांनाही वाटलं, आपण किती मायेनं बोललो.

चौथ्या दिवशी तो आणि आणखी एक जण संस्थेत आले. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, गुरुजींना अध्यक्ष म्हणून न्यायचं होतं. आणि तो भला माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, फिकीर करू नका. आता चांगले डायपर भेटतात. आम्ही गाडीच्या सीटवर प्लास्टिक टाकून नेतो तुम्हाले."

गुरुजी भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारचं ताट परत आलं, रात्रीचं परत आलं, दुसऱ्या दिवशीचंही. अंजनाबाई खोलीत गेली तर म्हणाले, "तुम्ही येऊ नका. दुसऱ्या कोणाला पाठवा." ती बाहेर आली, हात धुतले, चूळ भरली. पण त्या दिवशी पाणी तोंडात धरून ती कितीतरी वेळ नळाशीच उभी राहिली.

साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, तिला बोलावलं. गुरुजींचं सगळं तीच करायची, म्हणजे बातमी तिनंच फोडली असणार. पुष्पानंही सांगून टाकलं की हिला त्या दोघांशी फाटकात बोलताना पाहिलं. तिनं फक्त त्यांना खोली दाखवली होती. मी तेव्हाच चहा घेऊन ऑफिसात शिरले.

"परवा सकाळपर्यंत खुलासा द्या, नाहीतर काम सोडा," साहेब म्हणत होते.

"माह्या तोंडातून गेलं नाही, साहेब."

"मग कोणाच्या गेलं? तुम्हाला माहीत आहे?"

"अंदाज हाय."

"मग नाव सांगा. तुमची नोकरी वाचेल."

"नाही जी. ज्याच्या तोंडून गेलं त्याचंही ते झाकलेलंच हाय. गुरुजीचं झाकतो अन् त्याचं उघडं करतो, असं कसं जमन?"

तिनं माझ्या हातातून कप घेतला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. तेव्हाच मला कळलं, हिला कळलं आहे. बाजारातून आले त्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, गुरुजींचा विद्यार्थी भेटला. तिनं विचारलं होतं, "काय बोलले?" आणि मी लसूण सोलायला घेतला होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. खोटं कशाला सांगू, घाबरले होते. ती खोली गेली तर या वयात जाऊ कुठे? वरणात मीठ दोनदा पडलं. अंजनाबाई नेहमीसारखी जेवायला आली, "काकू, आज समुद्र उकळला काय?" म्हणाली आणि खारट वरण सगळं खाल्लं. ते पाहून माझा जीव आणखीच कासावीस झाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुदतीच्या सकाळी ड्युटी बदलाला सगळे व्हरांड्यात होते, साहेबही. अंजनाबाई पिशवी भरून उभी होती. मी पदराला हात पुसले आणि बाहेर आले. "साहेब, अंजनाचा काही दोष नाही. ते माह्या तोंडातून गेलं. बजारात, वांगे घेताना." पुष्पाचा चहाचा ग्लास तोंडाशीच थांबला. साहेब काय म्हणतात त्यासाठी मी थांबलेच नाही, सरळ गुरुजींच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पाठीला तेच सांगितलं.

पाठीकडूनच आवाज आला, "इंदूबाई, उत्तर चुकलं पण चूक स्वतः दाखवली, तर मी अर्धे गुण देत असे." आणि तोंड इकडे वळलं. "अंजनाला बोलवा. आणि भाकर आणा. भूक लागली आहे."

माझी खोली वाचली ती त्या अर्ध्या गुणांवर. गुरुजींनीच साहेबांना सांगितलं, "त्यांना काढलंत तर मी पुन्हा जेवणार नाही."

मग म्हणाले, मेळाव्याला जायचं. अंजनाबाईनं लगीनघराची करावी तशी तयारी केली. कोणत्या वेळी पाणी, कोणत्या वेळी बंद. मंडपात खुर्ची बाजूच्या दाराजवळ. गुरुजींनी काठी दोनदा आपटली की त्यांना घेऊन उठायचं, कोणी काही विचारायचं नाही. सीटवर प्लास्टिक नाही. निघताना गुरुजींना गाडीत बसवायचं होतं, तर पुष्पा पुढे आली. "एकटीनं कशी उचलशीन वं? सरक. अन् तुह्यासाठी नाही येत मी, गुरुजीसाठी येतो."

"ये न माय," अंजनाबाई म्हणाली. "तुह्याशिवाय माह्या कमरेले कोन इचारते!"

मंडप भरलेला होता. पांढऱ्या केसांचे विद्यार्थी पोरांसारखे रांगेत पाया पडत होते. मी मागे बसून सारखी त्या काठीकडे बघत होते. काठी आपटली नाही. शेवटी गुरुजींनी माईक मागितला.

"माझ्या शरीरावर आता माझा पूर्ण ताबा नाही. तुम्ही बाजारात ऐकलंच असेल. ते खरं आहे. पण ते सांगायचा अधिकार माझा होता, आणि तो मी आज वापरतो आहे." मग त्यांनी अंजनाबाईकडे बोट केलं. "ही अंजना. हिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. स्वतःची नोकरी जायची वेळ आली तरी हिनं माझं सांगितलं नाही, आणि जिच्या हातून चूक झाली तिचंही सांगितलं नाही. आयुष्यभर मी तुम्हाला बेरीज शिकवली. कुठे थांबायचं ते मी हिच्याकडून शिकलो."

सगळा मंडप उठून उभा राहिला, आणि टाळ्या थांबेचनात. अंजनाबाई पदर तोंडावर घेऊन बसली होती. पुष्पानं तिला कोपरानं ढोसलं, "उठ वं, तुह्याचसाठी वाजून राह्यल्या." आणि स्वतः बोटं तोंडात घालून अशी शिटी मारली की माईकवाला दचकला.

त्यानंतर आमच्याकडे ड्युटी बदल कपड्यांच्या खोलीत होऊ लागला, दार लावून. खाटांमध्ये पडदे आले. नंबर गेले, नावं आली. त्या खोलीतून सगळ्यात हळू आवाज कोणाचा यायचा, सांगू? पुष्पाचा.

अंजनाबाई आता यवतमाळला नव्या मुलींना हेच काम शिकवते. जाताना मी जवसाची चटणी बांधून दिली. म्हणाली, "काकू, बजारात जा बरं. भेवू नका." मी जात राहिले. कोणी विचारलं, आमचा म्हातारा कसा हाय, तर म्हणायचे, "त्यायलेच येऊन इचारा. चारनंतर या, चहा मी मांडतो." सुरुवातीला लोक म्हणाले, इंदूबाई माजली. मग येऊ लागले. ज्यांच्याकडे वर्षभर कोणी फिरकत नव्हतं, त्यांच्या खाटेशी चारनंतर माणसं बसलेली दिसू लागली.

हे सगळं लिहायचं का, हेही मी गुरुजी होते तोवर त्यांना विचारून घेतलं होतं. "लिहा," म्हणाले. "शुद्धलेखन तपासून घ्या."

आता माझे गुडघे गेले. व्हरांड्याच्या टोकाची खोली माझी आहे, खाटेची. अंजनाबाईनं शिकवलेली एक मुलगी माझं सगळं करते. काय काय करते, ते तुम्हाला सांगणार नाही. हात लावायच्या आधी विचारते, एवढं सांगते. मग पडदा लावून बाहेर जाते. नळ सुटल्याचा आवाज येतो, आणि त्यामागून जास्वंदीच्या बुडाशी पाणी पडल्याचा.

ती जास्वंद आता छपरापर्यंत गेली आहे.