मामांचं ‘पानी’

फुटबॉलमधलं माझ्या बायकोच्या मामांना कळत नाही असं या भूतलावर काही नाही, आणि त्यातलं काहीही दुसऱ्याला कळेल अशा भाषेत त्यांना आजवर सांगता आलेलं नाही. आमच्या लग्नात ते मला पहिल्यांदा भेटले. बाकीचे मामे-काके नोकरी कुठे, गाव कुठलं, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा अशा रीतसर चौकशा करत असताना या गृहस्थांनी माझ्या पायांकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, “डावा का उजवा?” मी घाबरून “दोन्ही” म्हणालो. तेव्हापासून माझ्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं आहे. पुढे मी वसईला एव्हरशाईन सिटीत राहायला आलो आणि खाडीकडचं त्यांचं गाव स्कूटरच्या टप्प्यात आलं, तसा मी त्यांचा हक्काचा श्रोताच झालो. जन्मभर त्यांनी मुंबईत सरकारी नोकरी केली, ऑफिसच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळले, आणि सकाळ-संध्याकाळ घरामागची केळीची नि भाजीची वाडी सांभाळली. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात. मामांनी परीक्षा देऊन फुटबॉल कोचचं लायसन्स काढलं. मामी म्हणायची, “काही लोक पासपोर्ट काढून ठेवतात ना, कुठे जायचं नसताना, तसलं हे.”

पण जायची वेळ आली. आमच्या वसईत एक व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे, म्हणजे खेळाडूंना पगार मिळतो आणि ते हरतात. मालक टाइल्सचे व्यापारी. त्या वर्षी अर्धा हंगाम होईतो संघ तळाला जाऊन बसला होता, आणि बाहेरगावाहून आणलेले कोच आपला लॅपटॉप काखोटीला मारून परत गेले होते. मामा प्रत्येक सामन्याला जाळीला तोंड लावून आत सूचना करत. एकदा त्यांचा आवाज मालकांच्या फोनवरच्या बोलण्यात इतका घुसला, की मालक वैतागून म्हणाले, “अहो, एवढं कळतं तर तुम्हीच या ना आत!” हा टोमणा होता. मामांनी त्याला नेमणूक समजून दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी आणि लायसन्स घेऊन मैदान गाठलं. मालकांकडेही दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी एवढंच बजावलं, “मामा, खालच्या गटात गेलो तर टीम बंद. मी इथे लग्नाचं लॉन करतो. पोरांनी आपापल्या गावाला जावं.” त्या रात्री मामा जेवले नाहीत, असं मामीने मला नंतर सांगितलं.

मामांची पद्धत वेगळी होती. ज्यांनी कधी वाडी शिंपलेली नाही त्यांना सांगतो: पाटातून पाणी येतं, आपण फावड्याने एका वाफ्याचं तोंड उघडायचं, तो भरला की मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. मामांच्या मते फुटबॉल म्हणजे एवढंच. “बॉल म्हंजे पानी,” ते म्हणत. “पानी कधी चढावर जातं का? वाट दिसली का शिरतं. आपन फक्त दारं धरायची.” त्यामुळे मैदानाबाहेरून ते ओरडत तेही याच भाषेत. “दार लाव!” म्हणजे बचावाला या. “वाफा भरला!” म्हणजे एकाच जागी गर्दी करू नका. “पाट फुटला!” हे गोल खाल्ल्यावर. आणि सगळ्यांत महत्त्वाचा हुकूम “पानी!” तो ऐकला की कप्तानाने बॉल लांब पुढे सोडायचा आणि सेंटर फॉरवर्डने मागे न बघता धावत सुटायचं. आता गोलकीपर केरळचा, फॉरवर्ड मिझोरमचा, मधले दोघे गोव्याचे. या मंडळींनी वाफा बघितल्या असतील तर चहाच्या. कप्तान मेल्विन तेवढा आमच्या वसईचा, तो दुभाषा. मामा पाटाचा उगम, मातीची जात, वाऱ्याची दिशा असं सगळं घोळवून भाषण देत, आणि मेल्विन शांतपणे सांगे, “मामा बोल रहे हैं, पीछे सोने का नहीं.”

पहिल्याच सामन्यात मामा जीव खाऊन “दार लाव! अरे दार लाव!” असे ओरडले आणि मैदानाच्या वॉचमनने इमानेइतबारे मेन गेट लावून कुलूप घातलं. मालक नेमके गाडी पार्क करायला गेले होते, ते बाहेरच राहिले. तो सामना आम्ही दणकून हरलो, पण मालकांना तो बघावा लागला नाही, हे आपण त्यांच्यावर उपकारच केले असं मामा अजून मानतात. मग त्यांनी टीमला राजोडीच्या किनाऱ्यावर नेलं. ओल्या वाळूत शिंपले मांडून नवीन व्यूहरचना समजावली. समजावणं संपेना आणि भरती थांबेना. एक लाट आली आणि अर्धा बचाव घेऊन गेली. “बघितलं?” मामा विजयी मुद्रेने म्हणाले. “आता कळलं का पानी कसं शिरतं?” पोरांना कळलं नव्हतं, पण त्यांना मामा आवडायला लागले होते. एक तर रविवारी मामी सगळ्यांना घरी जेवायला घालायची, आणि दुसरं म्हणजे हरल्यावर मामा ओरडत नसत. जिंकायची शक्यता असतानाच ओरडत.

मामांचा सगळा जीव त्या मिझोरमच्या फॉरवर्डवर, झोआवर होता. अंगाने काटक, पायाला वीज, आणि स्वभावाने असा नम्र की मामांनी काहीही सांगितलं तरी हसून मान डोलवायचा आणि जाऊन भलतंच करायचा. “पानी!” ऐकलं की बाकी कोणी नाही, हा एकटाच हमखास धावायचा, पण गोलकडे नाही, मामांकडे. यायचा, बाटली घ्यायचा, दोन घोट प्यायचा, “थँक्यू मामा” म्हणायचा आणि परत जायचा. मामा कपाळावर हात मारून घ्यायचे. बॉल तिकडे रिकाम्या जागेत लोळत पडलेला असायचा. मेल्विनने त्याला समजावलं, मामांनी स्वतः बनियनवर धावून प्रात्यक्षिक दाखवलं, अगदी वाडीत नेऊन त्याच्या हातात फावडं दिलं. झोआने एक वाफा छान भरला, चिखलाने माखला आणि पुढच्या सामन्यात पुन्हा पाणी प्यायला आला. मालक म्हणाले, “सोडा मामा, पालथ्या घड्यावर पाणी.” मामांना हे फार लागलं. हरण्याचं त्यांना काही नव्हतं. एवढं आयुष्य खेळात घालवलं, आणि एकाही माणसाला आपलं म्हणणं पोचवता येऊ नये, हे त्यांना खात होतं.

असं रडतखडत, एखादा सामना बरोबरीत सोडवत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत आलो. गणित सोपं होतं: जिंकलो तर टीम राहिली, नाहीतर लॉन. समोर मुंबईची, गुणतक्त्यात मधेच असलेली टीम, त्यांना कशाचंच सोयरसुतक नव्हतं. मे महिन्याची दुपार. उन्हामुळे रेफरीने पहिल्या हाफमध्ये पाणी प्यायला खेळ थांबवला होता, दुसऱ्या हाफमध्येही थांबवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी नेहमीप्रमाणे बाकामागे मामांची स्टीलची बाटली घेऊन बसलो होतो, कारण मामा घरच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी पीत नाहीत. सामना संपत आला तरी शून्य-शून्य, आणि पाण्याची सुट्टीही अजून झाली नव्हती. मामा इतके ओरडले होते की त्यांच्या घशातून नुसती हवा येत होती. शेवटी ते मैदानाकडे पाठ करून माझ्याकडे वळले, हात पुढे केला आणि उरलासुरला आवाज गोळा करून ओरडले, “पानी! अरे पानी!”

पुढचं सगळं एका दमात झालं. समोरच्या टीमच्या दोन्ही बॅकना वाटलं, आली एकदाची पाण्याची सुट्टी. ते चालत आमच्या बाकाकडे आले, आणि एकाने तर माझ्या हातातली बाटली काढून घेऊन सरळ तोंडाला लावली. इकडे मेल्विनने हुकूम ऐकला आणि बॉल लांब सोडला. आणि झोआ! इतके महिने पाणी प्यायला येणारा झोआ मागे न बघता सुटला. एकटा. गोलकीपरला चुकवून त्याने बॉल आत ढकलला. मामा अजून माझ्याकडेच तोंड करून उभे होते.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“गोल!”

“कोनी मारला?”

“आपण!”

“आपन?” असं म्हणून ते मटकन खाली बसले. जन्मभर वाट बघितलेला गोल त्यांच्या पाठीमागे झाला होता.

मग गिल्ला झाला. रेफरी तरातरा आला. “पानी किसने बोला?” मी डोळ्यांनी मामांना खुणावत होतो, कोपराने ढोसत होतो. पण मामा उठून उभे राहिले. “मी बोललो. मला तहान लागली होती.” मला वाटलं, गेली टीम! रेफरीने क्षणभर विचार केला आणि तो समोरच्यांना म्हणाला, “उनको प्यास लगी तो मैं क्या करूँ? मैंने सीटी बजाई थी क्या?” गोल कायम राहिला. उरलेला वेळ मामा दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून बसले, चुकून काही निघालं तर काय होईल याचा नेम नव्हता. त्या शांततेत आमची टीम जेवढी व्यवस्थित खेळली तेवढी अख्ख्या हंगामात खेळली नव्हती.

आम्ही वाचलो. मालकांनी हार घातला, मिठी मारली, “काय डोकं आहे मामांचं!” म्हणाले. कुठल्याशा यूट्यूब चॅनेलवाल्याने ‘पानी पॅटर्न’वर मुलाखत मागितली. मामा प्रत्येकाला जीव तोडून सांगत होते, “अरे, पॅटर्न कसला? मला तहान लागली होती!” कोणी विश्वास ठेवीना. मोठ्या माणसांचा विनय असाच असतो म्हणून लोक आणखीच भारावले. मेल्विनला सांगितलं, तो हसून लोळला. मामीला सांगितलं. निर्मळच्या बाजारात केळी घेऊन गेले तर तिथल्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. मला मात्र एकदा वाडीत बसले असताना हळूच म्हणाले, “जावईबापू, इतकं शिकवलं ते कोनाला कळलं नाय. आनि तहान लागली, तर गोल झाला.” मला फार वाईट वाटलं.

सुट्टीत झोआ गावाला निघाला. त्याला मोठ्या क्लबचं बोलावणं आलं होतं, आता तो इकडे परत येणार नव्हता. पाठीला सॅक अडकवून तो मामांचा निरोप घ्यायला वाडीवर आला. मामीने त्याच्या हातात केळ्यांची पिशवी दिली. तो मामांच्या पाया पडला, घुटमळला, आणि कुठून कुठून शब्द गोळा करत म्हणाला, “मामा, उस दिन आप पानी बोला… मैं पीछे नहीं देखा. सीधा भागा. बराबर?”

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, आता सांगणार. सगळ्या गावाला सांगितलंय, याला थोडंच सोडणार.

“बराबर,” मामा म्हणाले. “एकदम बराबर, बाला. मी तुलाच सांगत होतो.”

झोआचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मामा मात्र “एक घड काढायचा राहिलाय” असं काहीतरी पुटपुटत केळीत शिरले. कोयता ओट्यावरच होता. रिक्षा आली, झोआ बसला, मामीने हाक मारली, “अहो, निघाला हं तो!”

“जाऊ दे,” केळीतून घोगरा आवाज आला. “मला दिसतोय इथून.”

त्या बाजूने रस्ता दिसत नाही. मामीलाही ते माहीत होतं. रिक्षा वळेपर्यंत आम्ही दोघांनीच हात हलवला.