घरात सुई नको

"मी सुई बदला म्हणते. आयुष्य बदला असं म्हटलंय का कधी?"

ताई हे एकदा शेजारच्या दुकानदाराला म्हणाली होती. दवाखान्यामागच्या तिच्या खोलीत नशा करणारे वापरलेली सुई पिवळ्या डब्यात टाकायचे आणि नवी घेऊन जायचे. दुकानदाराचं म्हणणं, ही बया व्यसनाला खतपाणी घालते. ताईने समजावून पाहिलं, की नशा तर ते करणारच; पण एकच सुई चौघांत फिरली की रक्तातले रोगही फिरतात. मग तिने समजावणं सोडून दिलं.

वैताग तिला चिकटलेलाच होता. खोलीतल्या जुन्या ट्यूबसारखी ती दिवसभर करकरायची.

"अरे घोड्या, सुई नवी नि पावडर विरघळवायचा चमचा दुसऱ्याचा? रक्त काय चमच्याला लागत नाही?"

"उद्यापासून नाही, ताई."

"तुझा उद्या मी म्हातारी झाले तरी उजाडायचा नाही." असं म्हणून चमचाही द्यायची.

तिचा धाकटा भाऊ मात्र या रांगेत कधी उभा राहिला नाही. बहिणीसमोर हात पसरायची लाज. म्हणून ताईच त्याच्या घरी नव्या सुयांची डबी कपाटावर ठेवायची, वापरलेल्या उचलून आणायची. व्यसन काही सुटलं नव्हतं, पण रक्त अजून स्वच्छ होतं. तेवढंच तिच्या हातात होतं.

त्या दुपारी ती गेली तेव्हा कपाटावर डबी नव्हती.

"फेकून दिली, वन्सं," कणीक मळता मळता भावजय म्हणाली. "घरात सुई नको म्हणजे नको."

"अगं, म्हणून तो थांबणार आहे का?"

"घरात तर थांबला ना! आता त्या पेंटरकडे जातो. सुईही त्याचीच. आपल्या डोळ्यांसमोर तरी नाही."

पेंटरही ताईच्या खोलीत यायचा; त्याच्या रक्ततपासणीत यकृत पोखरणारी कावीळ निघाल्याचं तिला सकाळीच कळलं होतं. खोलीत कळलेलं कुणाचंही दुखणं बाहेर सांगायचं नाही, हा नियम तिचाच. त्या भरवशावर तर माणसं तिच्याकडे येत होती.

"बोला की! एरवी तोंडाचा पट्टा चालूच असतो तुमचा," भावजय म्हणाली. "चुकलं का माझं काही?"

ताईने तिच्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. आणलेली नवी डबी पिशवीत परत कोंबली, चपला पायांत सरकवल्या आणि पेंटरच्या घराकडे चालू लागली.