हाताचं चाक

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून कामाला लागतो. आजही तसंच. पण ही एक गोष्ट माझ्या कुठल्याच खान्यात बसत नाही, म्हणून लिहितोय.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात मी शिफ्ट इंजिनिअर. बाहेरची लाइन गेली की सगळा भार आमच्या जनरेटरवर. त्याच्या फिरत्या चुंबकाला द्यायचा प्रवाह — एक्सायटेशन — रेग्युलेटर आपोआप सांभाळतो, त्यावर व्होल्टेज टिकतं. रेग्युलेटर बिघडला तर हाताचं चाक. पण लोड बदलला की ते चाक आधीच जुळवून, मीटरचा काटा शून्यावर आणून ठेवायचा. नाहीतर स्विच फिरवून रेग्युलेटरवरून चाकावर जाताना झटका बसून सगळंच बंद.

हे न चुकता करणारा एकच ऑपरेटर — गजानन, इथलाच आगरी. थोडं फिरवायचा, चाकावर दोन टिचक्या, परत थोडं.

त्या दुपारी लाइन गेलेली. टाकी साफ करायला पहिल्यांदाच उतरणारा त्याचा धाकटा भाऊ काठावर अडला.

"लगीन ठरलंय तुजं, आन् टाकीला भितंस?" गजानन हसला. मग मला म्हणाला, "साहेब, मी जातो संगती. पॅनलवर सावंत हाय."

आत वायू साचू नये म्हणून ब्लोअर चालू होता.

थोड्या वेळाने दिवे पिवळे पडले. व्होल्टेज घसरत होतं… रेग्युलेटर गेला होता! ब्लोअर थांबला तर खालचे दोघे संपले. "वर काढा त्यांना!" असं ओरडत मी पॅनलकडे धावलो. जेवणानंतर मोठा कॉम्प्रेसर सुरू होऊन लोड बदलला होता, आणि सावंत चाक जुळवणाऱ्यांतला नव्हे.

सावंत भिंतीला चिकटून उभा. चाक फिरत होतं. थोडं… टक टक… परत थोडं. काटा शून्यावर आला.

"साहेब, मी हात नाही लावला. आईशपथ!"

मी स्विच फिरवला. झटका नाही. व्होल्टेज सावरलं, ब्लोअर चालू राहिला.

भाऊ जिवंत वर आला. गजाननला दोरीने काढावं लागलं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ मात्र एकच सांगत राहिला — "दिवं बारीक व्हायच्या आधीच दादा खाली बसला. हाक मारली, ओ दिली नाय. मना वाटलं मस्करी करतंय."

रेग्युलेटर का गेला ते सापडलं. चाक मी स्वतः खोलून पाहिलं — मोटर नाही, काही नाही, निव्वळ हाताने फिरणारं.

घरी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने विचारलं, "सायेब, पोर गेला तवा संगती कोन होतं त्याच्या?"

"तुमचा धाकटा," मी म्हणालो.

त्या वेळी पॅनलपाशी मीही गजाननच्या शेजारीच उभा होतो का… मला अजून सांगता येत नाही.